डाव्या बुटाची कुरकुर

ता. ९ जानेवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींना नमस्कार, आणि भावोजींच्या पायांना वेगळा. जन्मभर लोकांच्या पायांत बूट चढवणाऱ्याने पायांना विसरून कसं चालेल.

शुक्रवारी दीपगृहाचा सिनेमा पाहिला. पहिला खेळ, मधली रांग, कडेची खुर्ची. आता माझं मत ऐक, मागितलं नसलंस तरी. मध्यंतरापर्यंत सिनेमा झकास. अकरा वर्षं एकटा राहिलेला रखवालदार आणि लाटांनी आणून टाकलेली एक बाई, दोघंही बोलायला तयार नाहीत, बघताना मजा येते. मध्यंतरानंतर मात्र दिग्दर्शकाला गोष्ट सापडेना, म्हणून तो समुद्र दाखवत बसला. समुद्र काही नाही म्हणत नाही. आणि बुडता बुडता वाचलेल्या बाईच्या पायात दुसऱ्याच दिवशी कोरे करकरीत सँडल. एकट्या पुरुषाच्या दीपगृहात बायकांचे पाच नंबरचे सँडल आले कुठून? मी शेजारच्याला हे विचारलं, तर तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

शेवटची नावं संपेपर्यंत मी बसून होतो. दारावरचा माणूस नेहमीसारखा झाडू घेऊन माझ्या पायाशी उभा. ‘पावलांचे आवाज’ या पाटीखाली भावोजींचं नाव येऊन गेल्याशिवाय हा इसम उठत नाही, हे त्याला आता पाठ झालंय. आमच्या दुकानातल्या कॅशियरबाईंना मात्र अजून पटत नाही. त्यांना वाटतं, पडद्यावर नट चालला की आवाज त्याच्याच बुटांचा. मी सांगून थकलो, की नट नुसता चालतो, आवाज आमच्या भावोजींचा. घरामागच्या खोलीत फरशी, लाकूड, वाळू, खडी मांडलेली असते, समोर चित्र चालू असतं, आणि भावोजी नटाच्या पावलाला पाऊल जुळवत जागच्या जागी चालतात. बाई चालली की पाय माझ्या बहिणीचे. दोन वर्षं मी त्या खोलीच्या भिंतीला डोकं लावून झोपलोय, मला नाही माहीत तर कोणाला.

आता मुद्द्याचं. रखवालदार दीपगृहाचा जिना चढतो, एकशे चौदा पायऱ्या, दिग्दर्शकाने एकही गाळलेली नाही. बूट भावोजींचेच. मीच दुकानातून आणून दिलेले तपकिरी, नऊ नंबरचे. डाव्याच्या तळव्यातली पट्टी सुटल्यापासून तो कुरकुरतो आणि भावोजी तो कोणाला दुरुस्त करू देत नाहीत. कुरकुर तीच होती. पण आतला माणूस हलका वाटला. भावोजी वाळलेत का? तुझ्या पत्राखाली ते नेहमी दोन ओळी लिहितात, त्याही गेल्या तीन पत्रांत नाहीत. जरा सविस्तर कळव.

तुझा
कानसेन
(भावोजींनी चेष्टेत ठेवलेलं नाव आता सहीलाही चिकटलं.)


ता. १७ जानेवारी

कानसेन,

दीपगृहाचा सिनेमा मी दोनशे वेळा पाहिलाय, तुकड्यातुकड्यांत, आणि तरी त्याची गोष्ट मला तुझ्या पत्रातून कळली. आमच्या वाट्याला पाय येतात. चेहऱ्यांकडे बघायला सवड कुठे असते. सँडलचं मलाही खटकलं होतं, पण आम्हाला विचारतो कोण.

हे बरे आहेत. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, ते मनावर घेतलंय, म्हणून तुला हलके वाटले असतील. तुझ्या कानांचं कौतुक आहे, पण फार करत नाही, डोक्यावर बसशील. कामाची घाई असते, दोन ओळी राहून जातात. पुढच्या वेळी लिहितील.

तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर गिऱ्हाइकासमोर उकिडवा बसतोस, एक बुटकं स्टूल मागून घे मालकाकडून. भावजयीला आशीर्वाद.

आणि हे वजनाबिजनाचं तुझ्या शुक्रवारी सिनेमाला जाणाऱ्या चौकडीत बोलायचं नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि त्यातल्या चष्मेवाल्याचा भाचा आमच्याच स्टुडिओत कामाला आहे.

ताई


ता. २८ जानेवारी

प्रिय ताई,

वजनाचं ठीक. मानलं. पण मग एक सांग, यात न बोलण्यासारखं काय आहे? माणूस बारीक झाला तर गावभर सांगतो. तू मला गप्प राहायला सांगितलंस आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गुप्तहेराचा सिनेमा पाहिला. दोनदा. मत: खुनी पहिल्या दहा मिनिटांत कळतो. सगळ्या संशयितांचे बूट धुळीने माखलेले, एकाचेच चकचकीत. ज्याला काही लपवायचं असतं तो आधी वरवर सगळं पुसून घेतो, हे गुप्तहेराला शेवटपर्यंत सुचत नाही आणि मला दुकानात बसून सुचतं. नटी चांगली आहे, तिला काम दिलेलं नाही. गाणी असती तर बरं झालं असतं, तेवढ्यात पाय मोकळे करता आले असते.

दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून बसलो. शेजारच्याला वाटलं मी झोपलो, त्याने दोनदा कोपराने ढोसलं. मी ऐकत होतो. ताई, तुला आठवतं ना, पडद्यावरचा माणूस थांबला की भावोजी आधी अर्धं पाऊल मागे घेतात. नटाने घेतलेलं असो वा नसो. स्टुडिओतल्या साउंडवाल्या साहेबांनी त्यांना किती वर्षं टोकलं, पण ती खोड गेली नाही. भावोजी म्हणायचे, समोर कोणी उभं असेल तर त्याला जागा नको का. गुप्तहेर या सिनेमात सतरा वेळा थांबतो. मी मोजलं. सतराच्या सतरा वेळा तो जिथल्या तिथे थांबतो. मागे पाऊल एकदाही नाही.

वजन उतरवल्याने खोड उतरत नाही.

आणि फोन. मी तीन रविवार फोन केला. तिन्ही वेळा तू म्हणालीस, हे आंघोळीला गेलेत. एवढी आंघोळ? सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहालाही? ही म्हणते, तुमच्या ताईंना फोनवर बोलायचा कंटाळा असेल, तुम्ही उगाच कुठलं कुठे नेता. पण कुठेतरी पाणी मुरतंय. दोन ओळी पाठव भावोजींच्या. मी गप्प बसतो.

तुझा
कानसेन


ता. ८ फेब्रुवारी

कानसेन,

तिकीट काढून सिनेमाला जातोस तर सिनेमा बघ. पाय काय मोजतोस? सतरा वेळा थांबला नि अठरा वेळा थांबला. तुझ्या डोक्याला काम कमी पडतंय. साहेबांनी वीस वर्षं टोकल्यावर माणसाने एखादी खोड सोडली तर त्यात नवल ते काय.

या आठवड्यात आमच्याकडे चिखल आहे. म्हणजे खोलीत. युद्धाच्या सिनेमासाठी परातीत माती भिजवून ठेवलीय, घरभर पावलं उमटतात आणि पुसायला मीच. बाकी क्षेम.

ताई

कानसेन, माझी काळजी नको. तब्येत ठणठणीत आहे. वजन कमी झाल्याने जिना चढताना दम लागत नाही. गुप्तहेराबद्दल तुझं म्हणणं पटलं. कामात आहे, म्हणून एवढंच.


ता. १९ फेब्रुवारी

ताई,

खालच्या ओळी भावोजींच्या नाहीत.

अक्षर चांगलं जमवलंयस. तिरपेपणाही तसाच. पण भावोजी डावखुरे. त्यांचा हात लिहिलेल्या ओळीवरून सरकतो आणि शाई पुसली जाते. तीस वर्षांत त्यांची एक ओळ मला न पुसलेली आलेली नाही. ही पानावर छापल्यासारखी स्वच्छ आहे. मागच्या पत्रात मी पुसून घेण्याबद्दल काय लिहिलं होतं ते पुन्हा वाच.

आता सिनेमाचं, कारण सिनेमाशिवाय मला हे लिहिता येणार नाही. काडीमोड घ्यायला निघालेल्या नवराबायकोचा पाहिला. गाडी बंद पडते म्हणून दोघं वकिलाकडे पायी निघतात, दीड तास चालतात, बोलतात थोडं. फार दिवसांनी असा सिनेमा पाहिला. नट चांगले, शहर चांगलं, शेवटी वकील जेवायला गेलेला असतो तेही चांगलं. मी तो आवडून पाहू शकलो असतो. पण माझे कान खाली फरशीवर.

पूर्वी नवराबायको चालले की मला कळायचं, हे दोघं एका खोलीत चालतायत. तुझी पावलं भावोजींच्या पावलांत अडकायची. कधी तुझी चप्पल त्यांच्या बुटाला लागायची, मग एकाचं पाऊल चुकायचं, दुसरा थांबायचा. दोन माणसं एकत्र चालतात तेव्हा एकमेकांना जागा देतात ना, ते ऐकू यायचं. या सिनेमात ते नाही. पुरुष त्याच्या वाटेने चालतो, बाई तिच्या. दीड तासात एकदाही कोणी कोणाला अडखळत नाही. बाईची पावलं तुझी आहेत, पैज लावतो. बूट भावोजींचे आहेत, डावा कुरकुरतो. पण ते दोघं एका वेळी त्या खोलीत नव्हते.

ताई, भावोजींच्या बुटात कोण आहे?

मी लहान असताना तू मला खोटं बोलल्याबद्दल उंबऱ्यात उभं करायचीस. आता मी काय करू? भावोजी घर सोडून गेलेत का? तुमचं काही बिनसलंय का? घरात दुसरं कोणी येऊन राहिलंय, आणि तू त्याला माझ्या भावोजींचे बूट घालायला देतेस? विचारल्याशिवाय राहवत नाही. भावोजींनी मला घरात ठेवून घेतलं, या धंद्याला लावलं. त्यांना काही झालं असेल आणि मी इथे लोकांना बूट दाखवत बसलो असेन, तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही.

तू सांगणार नाहीस हे दिसतंय. म्हणून चष्मेवाल्याकडून पत्ता घेऊन मी आजच साउंडवाल्या साहेबांना पत्र टाकलंय.

कानसेन


ता. २२ फेब्रुवारी

साहेबांना काय लिहिलंस? शब्दन्शब्द कळव. उलट टपाली.

ताई


ता. २६ फेब्रुवारी

ताई,

ही घे नक्कल. कार्बन ठेवला होता.

‘माननीय महोदय, आपल्या स्टुडिओतून निघालेले चित्रपट मी गेली कित्येक वर्षे नियमाने पाहत आहे. आपले ध्वनिकाम उत्तम असते. पादत्राणांच्या व्यवसायात असल्याने पावलांच्या आवाजाकडे माझे विशेष लक्ष असते. अलीकडच्या तीन चित्रपटांत पावलांच्या आवाजासाठी माझ्या मेहुण्यांचे नाव झळकले आहे. मात्र माझ्या नम्र मते सदर पावले त्यांची नाहीत. बूट त्यांचे आहेत, त्यातील व्यक्ती अन्य आहे. व्यक्ती वजनाने सुमारे पस्तीस किलोंनी कमी असून तिला थांबताना मागे येण्याची सवय नाही. सदर व्यक्ती कोण व माझे मेहुणे हल्ली कोठे आहेत, हे आपण कळवल्यास उपकृत होईन. आपला एक रसिक.’

‘रसिक’ लिहावं की ‘चाहता’, यावर अर्धा तास घालवला. ‘रसिक’ बरं वाटलं.

तुझं पत्र दीड ओळीचं. मी काहीतरी करून बसलोय असं वाटतंय. काय ते सांग.

कानसेन


ता. ३ मार्च

बाळा,

पस्तीस किलो म्हणालास. छत्तीस. माझं वजन बावन्न आहे आणि ह्यांचं अठ्ठ्याऐंशी होतं.

बुटात मी आहे.

गेल्या मेमध्ये हे सकाळी खोलीत वाळू सारखी करत होते आणि तिथेच कोसळले. डावं अंग गेलं. वाचाही गेली. फोनवर बोलणार कसे, आणि लिहिणार कुठल्या हाताने? आंघोळीचं कारण मी शोधलं, कारण ते एकच मला पटकन सुचायचं आणि ते खरंही असायचं. ह्यांना आंघोळ घालायला मला दीड तास लागतो.

हॉस्पिटलातून आणल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. खायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, मनाने उठले नाहीत तर अंगाने उठणार नाहीत. तेव्हा एक सिनेमा अर्धा राहिला होता. माझे पाय झाले होते, ह्यांचे बाकी होते. मी एक दिवस ह्यांचे बूट घातले, आत मोज्यांचे तीन जोड, कमरेला वाळूच्या दोन पिशव्या, आणि चालायला लागले. दार उघडं होतं. थोड्या वेळाने पलंगाच्या दांडीवर टक असा आवाज आला. उजव्या हाताने चमचा आपटला होता. मी पुन्हा चालले. पुन्हा टक. अकरा वेळा चालले तेव्हा दोनदा टक झालं आणि मी तिथेच खडीवर बसून रडले.

तेव्हापासून असंच चाललंय. एक टक म्हणजे पुन्हा, दोन म्हणजे चाललं. आता हे चाकाच्या खुर्चीत बसतात, कानांवर हेडफोन, हातात लाकडी पट्टी. सकाळी नऊला मला उशीर झाला तर पट्टी आपटून बोलावतात. काम आमच्या घरीच होतं, स्टुडिओत फक्त डिस्क जाते, म्हणून कोणाला कळलं नाही. कळलं असतं तर काम काढून घेतलं असतं. तिकडे तयार आवाजांचा साठा आहे, बटण दाबलं की माणूस चालतो. मला कामाची फिकीर नाही रे. मला नऊ वाजताची आहे. नऊला उठून बसायला काही नसलं तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात राहत नाही, आणि तुझ्या शेजारी तो चष्मेवाला बसतो. लिहायला हवं होतं, हे मान्य. पण तू मला काय विचारलंस ते पुन्हा वाच. दुसरं कोणी येऊन राहिलंय का म्हणून. मी ते पत्र ह्यांना नेहमीसारखं वाचून दाखवलं, तेवढा परिच्छेद गाळला.

एक मात्र तू बरोबर ऐकलंस. काडीमोडाच्या सिनेमात आधी मी ह्यांची पावलं चालले, मग ती कानात घेऊन माझी. ह्यांनी सारखं टक, टक केलं. एकदा तर पट्टी फेकली. कुठेतरी आपटा एकमेकांना, असं सांगत होते. मला जमलं नाही. माझ्याच पायाला मी कशी आपटू?

साहेबांचा फोन आला होता. तुझं पत्र पोचलं. येत्या गुरुवारी, नाही, पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला घरी येतायत. खोली बघायची आहे म्हणाले.

ताई


ता. ७ मार्च

ताई,

पत्र दुकानात आलं. गिऱ्हाइकाच्या पायात एक बूट होता, दुसरा माझ्या हातात, आणि मी तसाच मागच्या गोदामात जाऊन बसलो. ते गिऱ्हाईक एका बुटावर बसून राहिलं.

मी नालायक आहे. तुला जे विचारलं त्याची लाज वाटते. कान देवाने दिले आणि अक्कल द्यायची राहिली. पहिलं पत्र खोटं होतं, असं साहेबांना दुसऱ्या पत्रात कळवायला बसलो होतो. हिने कागद हातातून काढून घेतला. म्हणाली, आणखी पत्रं नकोत.

सोबत पार्सल आहे. तुझ्या मापाचे, पाच नंबरचे, पुरुषी घाटाचे तपकिरी बूट. आमच्या कारागिराकडून टाचांत लोखंडी पट्ट्या बसवून घेतल्यात, प्रत्येकी दीड किलो. डाव्याच्या तळव्यातली पट्टी मी स्वतः सैल केली. कुरकुर जमेपर्यंत दोन संध्याकाळी दुकानात चालत होतो. वाळूच्या पिशव्या काढून टाक, कंबर मोडेल. तेराच्या आत पोचायला हवं.

भावोजींना हे सगळं सांगू नकोस. किंवा सांग. तूच ठरव.

कानसेन


ता. ३० मार्च

कानसेन,

तुझे बूट बुधवारी आले. गुरुवारी साहेब आले. स्टुलावर बसले, गुडघ्यावर तुझं पत्र ठेवलं.

म्हणाले, “बाई, मी कानांवर पोट भरतो. बुटात दुसरं कोणी आहे हे मला ऑक्टोबरपासून ऐकू येतंय. काम वाईट नव्हतं, म्हणून विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. पण हे पत्र माझ्या टेबलावर यायच्या आधी तिघांनी वाचलंय. आता मला काहीतरी करावं लागेल.” मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, “बायकांचे पाय तुमच्याकडे राहू देत. पुरुषांचे मी तिकडे करून घेतो.”

मी तुझे बूट घालून चालून दाखवलं. बूट जड आहेत, चांगले आहेत, जीव ओतलायस. ह्यांनी पट्टी एकदा आपटली. पुन्हा चालले. पुन्हा एकदा. साहेब म्हणाले, “काय म्हणतायत?” मी म्हटलं, “पुन्हा म्हणतायत.” पाच वेळा चालले. मग माझ्या लक्षात आलं, हे माझ्याकडे बघतच नव्हते. तुझे नवे बूट मी घातले म्हणून ह्यांचा जुना जोड खुर्चीसमोर रिकामा पडला होता, त्यातल्या उजव्याकडे पट्टी दाखवत होते.

मी तो त्यांच्या उजव्या पायात घातला. दहा महिन्यांनी. नाडी दोनदा सोडून पुन्हा बांधली. हे खुर्चीत सरळ झाले आणि फळीवर टाच टेकवली. एकच पाऊल. साहेबांनी चष्मा काढला.

त्याच जोडातला डावा मी घातला. शेजारी स्टूल घेऊन बसले. उजवं पाऊल ह्यांचं, डावं माझं, एका माणसाचे दोन पाय. त्या दिवशी तो माणूस दारू प्यायल्यासारखा चालला. साहेब म्हणाले, “एक म्हाताऱ्या जोडप्याचा सिनेमा आहे, शेवटी दोघं एका लांब वऱ्हांड्यातून चालत जातात. नऊ दिवस देतो. ठेवलं की नाही ते पडद्यावरच कळेल. मी फोन करणार नाही, मला असले फोन करता येत नाहीत.”

नऊ दिवस चाललो. पहिले चार दिवस माझं पाऊल आधीच पडायचं. ह्यांनी पट्टी सोडून माझा हात धरला, दाबला की मी टाकायचं. मग जमत गेलं. माझी सँडलची पावलं शेवटच्या दिवशी केली, त्यांच्या खुर्चीजवळून चालत. डिस्क गेली.

सिनेमा पंचवीस एप्रिलला लागतोय. मला थिएटरात जाऊन ऐकवणार नाही. तू जा. आमचे पाय काढून दुसरे घातले असतील तर तुला पहिल्या पावलाला कळेल. कळलं की खरं ते लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस.

तुझ्यावरचा राग अजून आहे. थोडा.

ताई


ता. २५ एप्रिल

प्रिय ताई,

खरं ते लिहितो.

सिनेमा सुमार आहे. म्हातारी खोडकर, म्हातारा तिरसट, मुलगी परदेशात, नातवाला कशाचा तरी पुरस्कार मिळतो तो कशाचा ते कळलं नाही. मध्यंतराला अर्धी मंडळी गेली ती आलीच नाहीत. चौकडीतले तिघंही झोपले. चष्मेवाला घोरत होता. त्याला मी काहीही सांगितलेलं नाही, हे नोंदवून ठेव. सात आठवडे पोटात राहिलंय.

नावांचं आधी सांगतो, पडद्यावर ती नंतर आली तरी. ‘पावलांचे आवाज’ या पाटीखाली भावोजींचं नाव आलं आणि त्याच्याखाली तुझं. झाडूवाला म्हणाला, “आज दोन?” मी म्हटलं, डाव्या पायाचं नाव आतापर्यंत राहून गेलं होतं.

आता वऱ्हांडा. म्हातारा उठला तेव्हा मी डोळे मिटले. पहिलं पाऊल उजवं. ताई, मी हिचा हात इतक्या जोरात दाबला की ती ओरडली. ते जड होतं, टाच आधी, जसं पडायला हवं तसं. मग डावं, कुरकुरत, हलकं, तुझं. मग पुन्हा उजवं. थिएटरात कोणालाही वाटेल की म्हाताऱ्याचा एक पाय अधू आहे. मला माहीत होतं की त्याचा एक पाय माझी बहीण आहे. एवढ्यावर मी उठून आलो असतो तरी चाललं असतं.

पण दाराशी म्हातारीची सँडल म्हाताऱ्याच्या बुटाला लागते. मी डोळे उघडून पाहिलं, चित्रात दोघांमध्ये चांगलं वीतभर अंतर आहे. मी लगेच पुढच्या खेळाचं तिकीट काढून पुन्हा पाहिलं. अंतर आहेच. तू मुद्दाम आपटली नसशील, तुला ते जमत नाही हे तूच लिहिलंयस. म्हणजे तू सँडल घालून खुर्चीजवळून जात होतीस आणि त्यांनी पाय मध्ये घातला. साहेबांनी तो आवाज कापलेला नाही.

आणि त्यानंतर, दार उघडायच्या आधी, उजवी टाच अर्धं पाऊल मागे गेली. तुला जागा द्यायला.

भावोजींना सांग, ओळखलं.

तुझा
कानसेन